साडेबाराशे रुपयांचे सरगुंडे

महागड्या जेवणाचा विषय या पानावर यावा काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. कोरडवाहू शेतीची विवंचना, सोयाबीनचे भाव, महाविद्यालयांतील रिक्त जागा आणि पदवी घेऊन घरी बसलेली मुले असे विषय समोर असताना मुंबईतील एका इटालियन उपाहारगृहाच्या बिलाची चर्चा करणे ही लेखकाची चैन वाटण्याचा संभव आहे. परंतु अर्थशास्त्राचा अभ्यास फक्त अंदाजपत्रकांतून आणि पंचवार्षिक आकडेवारीतून होतो, असे मानण्याचे कारण नाही. एखाद्या ताटात काय आहे, ते कोठून आले आणि त्याचे पैसे कोणाच्या पदरात पडले, एवढे नीट पाहिले तरी समाजाच्या अर्थव्यवहाराचे पुष्कळसे स्वरूप कळते. असे एक ताट गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या पुढ्यात आले आणि त्यापासून मनात सुरू झालेला हिशेब अजून संपलेला नाही.

प्रसंग साधाच आहे. काही कामानिमित्त मुंबईस जाणे झाले. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गात शिकलेला एक विद्यार्थी तेथे एका वित्तसंस्थेत चांगल्या हुद्द्यावर आहे. मानोरा तालुक्यातील तीन एकर कोरडवाहू जमिनीवर वाढलेला हा मुलगा. त्याचे वडील हंगाम संपला की दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जात. गुरुजी मुंबईस आले आहेत तर त्यांना चांगल्या ठिकाणी जेवू घालावे, ही त्याची आणि त्याच्या पत्नीची इच्छा. तो आम्हाला दक्षिण मुंबईतील एका पंचतारांकित हॉटेलातील इटालियन उपाहारगृहात घेऊन गेला. मंद दिवे, पांढरीशुभ्र टेबले, काचेपलीकडे समुद्र आणि खालच्या आवाजात चाललेली बोलणी. पदार्थांची यादी हाती आली, तेव्हा त्यातील नावे वाचण्याआधी डोळे उजवीकडच्या आकड्यांवर गेले, हे कबूल करावयास हरकत नाही. ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरवावा लागतो, त्याच्या डोळ्यांना ती सवयच असते.

पास्त्याच्या एका ताटास साडेबाराशे रुपये पडत होते. ताट आले. त्यात मळसूत्रासारखे पीळ दिलेले गव्हाचे तुकडे, वर टोमॅटोचा रस, तुळशीच्या जातीची चार पाने आणि किसलेले चीज. विद्यार्थ्याने एक तुकडा काट्यावर उचलला, त्याकडे क्षणभर पाहिले आणि इतका वेळ जपून ठेवलेली शहरी मराठी बाजूला सारून हळूच म्हणाला, “सर, हे त आपले सरगुंडेच हायेत ना!” त्याची पत्नी मुंबईची. तिने विचारले, सरगुंडे म्हणजे काय? आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. पण त्या हसण्यात थोडा संकोचही होता.

वऱ्हाडातील वाचकांना सरगुंडे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. मळलेल्या कणकेची लांब वळी काडीवर गुंडाळून केलेला हा पदार्थ आपल्याकडे आमरसाबरोबर आवडीने खाल्ला जातो. दक्षिण इटलीतील बायका कणकेची वळी लोखंडी बारीक सळईभोवती गुंडाळून ‘फुसिली’ नावाचा पास्ता करीत आल्या आहेत. सळई आणि काडी एवढाच काय तो फरक. साम्य येथेच संपत नाही. आपल्याकडे लग्नाच्या आधी घरोघर वळवट होत असे. बोटांच्या चिमटीत कणीक वळून केलेले गव्हले, नखाच्या आकाराचे नखुले, मालत्या, बोटवे आणि खाटेवर वाळत घातलेल्या शेवया. इटलीतही ‘ओर्झो’ म्हणजे जवाच्या दाण्यासारखा पास्ता आणि ‘ओरेक्किएत्ते’ म्हणजे छोट्या कानांसारखा पास्ता. आपल्या बायकांनी गव्हाचे आणि नखाचे नाव दिले. त्यांनी जवाचे आणि कानाचे दिले. बारी शहराच्या जुन्या भागात स्त्रिया आजही दारापुढे टेबले मांडून ओरेक्किएत्ते वळतात आणि जगभरचे प्रवासी ते पाहावयास व विकत घ्यावयास तेथे जातात. आपल्याकडचे वळवट रुखवतातल्या एका ताटापुरते उरले आणि तेही आता पुष्कळदा बाजारातून आणलेले असते.

किमतीची फोड

ताटाच्या किमतीचा हिशेब रागाने करून उपयोग नाही. तो शांतपणे केला पाहिजे. एका ताटात सुमारे १०० ग्रॅम वाळलेला पास्ता असतो. त्यासाठी लागणारा रवा काढावयास ढोबळमानाने दीडशे ग्रॅम गहू लागतो. २०२५-२६ च्या रबी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. म्हणजे त्या ताटातील गव्हाची किंमत चार रुपयांहूनही कमी. गिऱ्हाइकाने दिलेल्या साडेतीनशे रुपयांमागे जेमतेम एक रुपया गहू पिकविणाऱ्याचा. तिघांच्या जेवणाचे मूळ बिल ७,९५० रुपये आणि त्यावर मोठ्या हॉटेलांतील उपाहारगृहांस लागू असलेला शेकडा १८ वस्तू व सेवा कर धरून एकूण ९,३८१ रुपये झाले. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे त्या एका संध्याकाळी तिघांनी मिळून सुमारे पावणेदोन क्विंटल सोयाबीन खाल्ले. हमीभाव बाजारात मिळतोच असे नाही, हे वाशीमच्या बाजार समितीत गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल उतारा धरला, तर एका जेवणात एकराचा तिसरा हिस्सा संपला असे म्हणावे लागते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागातील दरडोई सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागातील ६,९९६ रुपये आढळला. त्या मापाने ग्रामीण भागातील एका माणसाचा सव्वादोन महिन्यांचा सगळा खर्च त्या टेबलावर झाला.

इथपर्यंतचा हिशेब कोणासही करता येतो आणि त्याचा शेवट बहुधा चंगळवादावरील एका व्याख्यानात होतो. परंतु तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उरलेले पैसे कोणी लुबाडले, असेही नाही. दक्षिण मुंबईतील जागेचे भाडे, आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंतच्या माणसांचे पगार, वीज, परवाने, आयात केलेले चीज, रिकाम्या राहणाऱ्या टेबलांचा तोटा आणि सरकारचा कर हे सारे त्या किमतीत येते. शिवाय गिऱ्हाईक तेथे नुसते अन्न विकत घेत नाही. समुद्र, शांतता, आदब आणि आपण अशा ठिकाणी बसू शकतो हे समाधान, असे सगळे तो घेतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात या दिखाऊ उपभोगाची चिकित्सा केली. काही वस्तू महाग असूनही घेतल्या जातात असे नसून त्या महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात, असा त्यातील विचार आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो आणि विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत बिनचूक उतरवितात.

तोच व्हेब्लेन मी त्या टेबलावर काढला. एवढे पैसे देऊन तुला नेमके काय मिळते, असे विद्यार्थ्यास विचारले. त्याने जे उत्तर दिले त्याची मला अपेक्षा नव्हती. तो म्हणाला, “सर, इथं मला कोणी ‘तुम्ही कोण? कुठले? कोणाचे?’ असं विचारत नाही. गावी हॉटेलात चहा प्यायचा तर बाबा बाहेरच्या बाकावर बसत. इथं मी बिल देतो आणि मधल्या टेबलावर बसतो.”

या उत्तरापुढे व्हेब्लेन अपुरा पडतो. महाराष्ट्रात हॉटेल ही संस्था निव्वळ जिभेच्या चोचल्यांची कधीच नव्हती. कोणी कोठे बसावे, कोणी कोणाच्या हातचे प्यावे, याचा झगडा या संस्थेच्या उंबरठ्यावर झालेला आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. त्या एका कप चहाची किंमत आण्यांत मोजता येत नाही. तेव्हा ज्याच्या बापाला बाहेरच्या बाकावर बसावे लागले, त्याने मुंबईत मधल्या टेबलाचे पैसे मोजले तर त्यास उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार निदान आम्हां शिक्षकांस नाही. पैसा जात विचारीत नाही, हा बाजाराचा मोठा गुण होय. तो ऐपत मात्र विचारतो, आणि ती ज्यांच्यापाशी नाही त्यांना पुन्हा बाहेरच्या बाकावर बसवितो, हा त्याचा तितकाच मोठा दोष होय. विद्यार्थ्याने स्वतःपुरता मार्ग काढला. त्याच्या गावाचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

गरिबाचे अन्न, श्रीमंताचे ताट

ज्या अन्नाला आज ही प्रतिष्ठा आहे, ते मुळात प्रतिष्ठितांचे नव्हते. पिझ्झा हे नेपल्स शहरातील कष्टकऱ्यांचे रस्त्यावरचे खाणे. उत्तर इटलीतील शेतमजूर मक्याच्या पिठाचे ‘पोलेंता’ नावाचे घाटे खाऊन दिवस काढीत आणि दुसरे काही पोटात जात नसल्यामुळे त्यांना पेलाग्रा नावाचा रोग होई. टोमॅटो तर इटलीचा नव्हेच. आपल्या मिरचीप्रमाणे तोही अमेरिका खंडातून आलेला. १८७६ ते १९१५ या काळात सव्वा कोटीहून अधिक इटालियन माणसे पोटासाठी देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर त्यांचे जेवणही गेले. प्रथम त्याची टिंगल झाली, मग ते स्वस्त खाणे म्हणून रुळले आणि कालांतराने पंचतारांकित झाले. आपल्याकडे ते दोन्ही दारांनी आले. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातील ‘त्रात्तोरिया’सारख्या उपाहारगृहांतून ते उच्चभ्रूंपर्यंत पोहोचले, आणि उदारीकरणानंतर १९९६ मध्ये दोन मोठ्या अमेरिकन पिझ्झा कंपन्यांनी भारतात दुकाने उघडल्यावर ते मध्यमवर्गाच्या घरी खोक्यातून येऊ लागले. आज वाशीममध्येही पिझ्झा मिळतो आणि मुलांचा वाढदिवस त्यावाचून साजरा होत नाही.

गरिबाचे अन्न श्रीमंताच्या ताटात जाते, याचे उदाहरण शोधण्यासाठी नेपल्सपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ती पिढी अजून आपल्यात आहे. त्या काळी ज्वारीची भाकरी ही गरिबीची खूण होती आणि पोळी ही सुस्थितीची. आज संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये, म्हणजे गव्हाहून कितीतरी अधिक आहे. मोठ्या शहरांत भाकरी हा पथ्याचा आणि अभिरुचीचा पदार्थ झाला; हुरड्याच्या पार्ट्यांना माणशी शेकड्यांनी पैसे पडतात. आणि हे होईपर्यंत आपल्या जिल्ह्यातील शिवारांतून ज्वारी जवळजवळ हद्दपार झाली. तिची जागा सोयाबीनने घेतली. तात्पर्य, गरिबाच्या अन्नाला भाव आला तेव्हा ते गरिबाच्या हातात उरलेले नव्हते.

गव्हाचेही असेच झाले. चांगला पास्ता ज्या कठीण, पिवळसर गव्हाच्या रव्याचा करतात, त्याला ड्युरम म्हणतात. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. शेवया आणि कुरडयांसाठी जुन्या बायका बन्सीचाच आग्रह धरीत, कारण त्याची शेवई तुटत नाही आणि शिजल्यावर लगदा होत नाही. इटालियन आचारी पास्त्याकडून नेमकी हीच अपेक्षा करतो. हरितक्रांतीनंतर बुटक्या, अधिक उतारा देणाऱ्या गव्हाच्या जाती आल्या. पुढे ‘लोक-१’ सारख्या वाणांनी शिवारे व्यापली आणि उंच वाढणारा, कमी पिकणारा, तांबेरा रोगास बळी पडणारा बन्सी मागे पडला. यात शेतकऱ्याचा दोष नाही आणि शास्त्रज्ञांचाही नाही. देशाला त्या वेळी धान्य हवे होते. परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याची नामुष्की संपली, हे हरितक्रांतीचे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. दोष असलाच तर एवढाच, की भुकेचा प्रश्न सुटल्यानंतर गुणवत्तेचा प्रश्न आपण हाती घेतला नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्राने ड्युरमचे सुधारित वाण काढले. निफाडचे ‘पंचवटी’ व ‘गोदावरी’ आणि आघारकर संस्थेचा शंभर-एकशेपाच दिवसांत येणारा, प्रथिनांनी समृद्ध असा ‘एमएसीएस ४०२८’ ही त्यांतील काही नावे. म्हणजे बियाणे आहे, शास्त्र आहे. पण त्या गव्हाला वेगळा भाव देणारे गिऱ्हाईक आपल्या बाजार समितीच्या आवारात नाही.

इटलीने काय केले?

इटलीचे वैशिष्ट्य चवीत आहे, त्याहून अधिक ते व्यवस्थेत आहे. १९६७ मध्ये त्या देशाने कायदा करून वाळलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असे ठरविले. पार्मा आणि आसपासच्या ठरावीक प्रदेशातील चीज करणाऱ्यांनी १९३४ मध्ये आपला संघ उभारला. त्या प्रदेशाबाहेर, त्या पद्धतीवाचून आणि किमान बारा महिने मुरविल्यावाचून केलेल्या चीजला ‘पार्मिजानो रेज्जानो’ हे नाव लावता येत नाही. १९८६ मध्ये रोममधील एका ऐतिहासिक चौकात अमेरिकन झटपट खाण्याचे दुकान निघाले, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेध केला आणि त्यातून ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली. २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले.

यावरून इटलीत सर्व आबादीआबाद आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथील पास्त्यासाठी कॅनडासारख्या देशांतूनही गहू आयात होतो आणि तेथील शेतकरी त्याविरुद्ध वेळोवेळी तक्रार करतात. तरीसुद्धा मुद्दा उरतोच. आपल्या आजीच्या हातच्या पदार्थाला नाव, नियम, संघ आणि कायदा यांचे पाठबळ द्यावे, हे त्या समाजाला सुचले. त्यामुळे मुंबईतील ताटावर किसलेल्या चिमूटभर चीजचे काही पैसे पार्माजवळच्या गवळ्यापर्यंत पोहोचतात. त्याच ताटातील गव्हासारख्याच गव्हाची शेवई करणारी मानोऱ्याची स्त्री मात्र त्या व्यवहारात कोठेच नाही.

वऱ्हाडची जुनी सवय

हे नवे नाही. वऱ्हाडाने कच्चा माल द्यावा आणि पक्का माल विकत घ्यावा, ही व्यवस्था आगगाडी आली तेव्हापासून चालू आहे. आपला कापूस मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन परत आला. आता सोयाबीन बाहेर जाते आणि पिशवीतले तेल होऊन परत येते. त्याची पेंड दुसऱ्यांच्या कोंबड्या खातात. जी किंमत वाढते, ती शेताच्या बांधापासून दूर गेल्यावर वाढते. एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिले, की उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो. आपल्याकडे त्याचे प्रत्यंतर धान्यात फार ठळकपणे येते. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा शेकडा २२ च्या आसपास होता. २०२२-२३ मध्ये तो पाचाच्याही खाली आला. त्याच पाहणीत पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा ग्रामीण भागात शेकडा ९.६२ आणि शहरी भागात १०.६४ आढळला. याचा अर्थ स्पष्ट आहे. नुसते धान्य विकणाऱ्याच्या वाट्याला ग्राहकाच्या रुपयातील घटता हिस्सा येणार आणि धान्याचे खाद्य करून विकणाऱ्याच्या वाट्याला वाढता. सोयाबीनच्या हमीभावासाठी आंदोलने जरूर व्हावीत. परंतु हमीभाव शंभर-दोनशेंनी वाढला तरी हे गणित बदलत नाही.

आणखी एक हिशेब आपण करीतच नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८ मिनिटे. घरचा स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने म्हटले होते, की एखाद्याने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. विनोद वाटावा असा हा सिद्धान्त आपल्या घराघरांत सिद्ध होत असतो. मुंबईत तीच कणीक पगारी आचाऱ्याने वळली की तिची किंमत साडेबाराशे होते. मानोऱ्यात आईने वळली की शून्य. ज्याची किंमत शून्य, त्याची लाज वाटू लागावयास वेळ लागत नाही. आम्हां दोघांच्या त्या हसण्यातला संकोच यातूनच आला होता.

करावयाचे काय?

उपाय सांगताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. उद्यापासून सर्वांनी बन्सी पेरावा, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. गव्हाला पाणी लागते, ड्युरमचा अधिक भाव आपोआप मिळत नाही, आणि सारख्या प्रतीचा माल सातत्याने पुरविल्याखेरीज कोणताही मोठा खरेदीदार दारात येत नाही. परंतु ज्यांच्याकडे दोन-तीन पाळ्या देण्याएवढे पाणी आहे, अशा शेतकऱ्यांच्या एखाद्या उत्पादक कंपनीने एका गावात, एका वाणाने सुरुवात करावयास काय हरकत आहे? अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ आहे. करडा येथील कृषी विज्ञान केंद्र तर जिल्ह्यातच आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना शेकडा ३५ पर्यंत, कमाल दहा लाख रुपयांचे, कर्जाशी निगडित अनुदान देणारी केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ पासून अमलात आहे. त्याचा लाभ नागपूरच्या संत्र्याने आणि वायगावच्या हळदीने घेतला. वऱ्हाडच्या सरगुंड्यांना आणि वळवटाला कोणी नावाने ओळखावे, यासाठी मात्र अजून कोणी खटपट केल्याचे ऐकिवात नाही.

बचत गटांच्या प्रदर्शनांत शेवया मिळतात. मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात दरवर्षी राज्यभरातील गट आपला माल नेतात. पण तेथे आपण स्वस्ताईची स्पर्धा करतो. पिशवीवर गव्हाची जात नसते, गावाचे नाव नसते, कसे शिजवावे हे लिहिलेले नसते. आणि विकत घेणारा “गावाकडचे आहे, थोडे कमी करा” म्हणून घासाघीस करतो. तोच गृहस्थ संध्याकाळी पास्त्याच्या ताटावर बक्षिसी ठेवून उठतो. हा दुटप्पीपणा केवळ श्रीमंतांचा नाही. बिगर-हंगामात शेवयांचा भाव करणाऱ्यांत आम्ही प्राध्यापक आणि आमचे कारकून बंधूही असतो. महाग ते चांगले आणि आपले ते स्वस्त, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. व्हेब्लेन शिकविणाऱ्यांनी तरी ते ओळखावयास हवे होते.

मुंबईहून परतल्यावर महाविद्यालयात स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होती. त्यात विद्यार्थ्यांचा आनंद मेळावा असतो. मुले-मुली खाद्यपदार्थांची दुकाने मांडतात आणि नफ्या-तोट्याचा हिशेब ठेवतात. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो एक चांगला पाठच असतो. त्या वर्षी पास्त्याची दोन आणि पिझ्झ्याची तीन दुकाने ठरली होती. मी एका विद्यार्थिनीस विचारले, तुझ्या घरी सरगुंडे करतात काय? ती म्हणाली, आई फार छान करते. मग त्याचे दुकान का मांडत नाहीस? ती थोडी थांबली आणि म्हणाली, “सर, लोक हसतील.”

जिल्ह्याच्या विकासाचे अनेक आराखडे होतात. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून गेला आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. त्यावरून आपले सोयाबीन आणि आपली शिकलेली मुले जाणारच आहेत. पण आपल्या हाताने केलेले, आपल्या नावाचे आणि आपण ठरविलेल्या किमतीचे काही त्यावरून जाणार आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी भांडवल लागेल, यंत्रे लागतील, संघटना लागेल. परंतु त्या सर्वांच्या आधी त्या मुलीच्या मनातली लाज जावी लागेल, आणि ती घालविण्याचे काम कोणत्याही योजनेत बसणारे नाही. ते शिक्षकांचे आहे. त्या मुलीने शेवटी दुकान मांडले. सरगुंडे आणि आमरस, एका वाटीस चाळीस रुपये. तिच्या आईने सकाळपासून बसून दीडशे वाट्यांचा माल वळून दिला होता. दुपारी तीनच्या आत तो संपला. हिशेबाच्या वहीत कैरी-आंबा, पीठ, गॅस असे सर्व खर्च तिने नीट मांडले होते. आईच्या मजुरीचा रकाना मात्र रिकामा होता. तो भरून आण, एवढे सांगून मी वही परत दिली.